गझाली की अक्वायनस? ईश्वराच्या गुणांच्या वादात शिरण्याआधी

"मॅडम, गझाली घेऊ की अक्वायनस?"

एम.ए.च्या लघुप्रबंधाचे विषय ठरवायचे दिवस आले की हा प्रश्न दाराशी येऊन उभा राहतो. विचारणारी मुलं दरवर्षी वेगळी, प्रश्न तोच. गझाली हा अकराव्या-बाराव्या शतकातला मुस्लिम विचारवंत, अक्वायनस तेराव्या शतकातला ख्रिस्ती. 'मध्ययुगीन इस्लामी आणि ख्रिस्ती तत्त्वज्ञानातील ईश्वराचे गुण' असं भलंथोरलं शीर्षक उत्साहाच्या भरात लिहून दिलेलं असतं, हातात जेमतेम दोन सत्रं असतात, आणि पंधरा दिवसांत कळून चुकतं की दोन दगडांवर पाय ठेवून हे व्हायचं नाही.

पूर्वी मी विचारायचे, अरबी येतं का, लॅटिन येतं का? दोन्हींना उत्तर 'नाही' असंच यायचं, म्हणून ते विचारणं बंद केलं. आता विचारते, तुला काय सोडायला चालेल? कारण या वादात उतरलेल्या प्रत्येकाला काहीतरी सोडावं लागलंय.

वाद तसा दोन वाक्यांत मांडता येतो. पहिलं, ईश्वर एक आहे. त्याला भाग नाहीत, जोड नाही. दुसरं, ईश्वर जाणतो, इच्छितो, ऐकतो, समर्थ आहे. दोन्ही वाक्यं मशिदीत मान्य, चर्चमध्येही मान्य. भांडण लागतं ते दोन्ही एका दमात म्हणायला गेलं की. माझं ज्ञान माझ्याहून वेगळं आहे, हे मला रोजच्या अनुभवाने ठाऊक असतं. शाळेत पाठ केलेली कविता आज आठवत नाही, तरी मी आहे तीच आहे. ईश्वराचं ज्ञानही असं त्याच्याहून वेगळं मानलं, तर त्याच्या शेजारी दुसरी एक अनादि वस्तू येऊन बसते. वेगळं नाही म्हणावं, तर त्याचं ज्ञान म्हणजेही तो आणि सामर्थ्य म्हणजेही तो. मग ज्ञान आणि सामर्थ्य एकच झालं की! दोन शब्द कशाला वापरायचे?

इथे वर्गात कुणीतरी हमखास म्हणतं, "म्हणजे आपलं निर्गुण-सगुण." जरा थांबा. आपल्या 'गुण' शब्दाला सत्त्व-रज-तमाचा वास आहे, आणि अद्वैतातल्या निर्गुणामागे जीव-ब्रह्म ऐक्य उभं आहे. बगदाद किंवा पॅरिसच्या या वादात निर्माता आणि निर्मिती यांच्यातली दरी कुणालाच बुजवायची नाही. शिवाय ईश्वराची नावं त्यांच्या ग्रंथात उतरलेली आहेत, भक्ताने सोयीसाठी घेतलेली नाहीत. एखादं नाव खालच्या पायरीचं म्हणून मागे टाकता येत नाही. साम्य दिसतं ते वाटेतल्या एखाद्या वळणावर. त्यावर प्रबंध उभा केलात, तर तोंडी परीक्षेत तो पहिल्याच प्रश्नाला आडवा होईल.

बसरा आणि बगदाद

या वादात पहिली ठाम बाजू घेतली ती इस्लामातल्या मुतझिला पंथाने. वासिल इब्न अता (मृत्यू ७४८) याच्यापासून बसऱ्यात सुरू झालेली ही मंडळी स्वतःला 'न्याय आणि एकत्व यांचे लोक' म्हणवून घेत. त्यांच्यातल्या अबुल हुझैलचं सूत्र असं: ईश्वर जाणतो ते ज्ञानाने, आणि ते ज्ञान म्हणजे तोच. एकत्व शाबूत राहिलं, पण 'जाणतो' या शब्दाचा रस निघून गेला. म्हणून विरोधकांनी त्यांना ईश्वराला रिकामा करणारे ठरवलं.

मुतझिलांचा हट्ट समजायचा तर शेजार बघावा लागतो. बसरा-बगदादमध्ये ख्रिस्ती विद्वान काही दूरवरचे परके नव्हते. ज्ञान, सामर्थ्य, वाणी या अनादि आणि ईश्वराहून वेगळ्या गोष्टी मानल्या, तर मग ख्रिस्त्यांच्या तिघांना (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) आपण कोणत्या तोंडाने नाकारायचं, ही मुतझिलांची अडचण होती. ती काही उगाच नव्हती. पुढे बगदादमध्येच यह्या इब्न अदी (८९३–९७४) हा ख्रिस्ती तत्त्वज्ञ, जो मुस्लिम तत्त्वज्ञ फाराबीचा शिष्य होता, त्याने या तिघांच्या एकत्वाची, म्हणजे त्रैक्याची, मांडणी चक्क अरबीतून आणि गुणांच्याच भाषेत केली: औदार्य, प्रज्ञा, सामर्थ्य. 'इस्लामी बाजू' आणि 'ख्रिस्ती बाजू' असे दोन रकाने आखून बसणाऱ्यांनी या माणसाला कुठल्या रकान्यात टाकायचं ते मला सांगावं.

हा नुसता पंडितांचा खेळही राहिला नाही. वाणी हा जर गुण, तर कुराण अनादि की निर्मित? खलिफा मामूनने ८३३ साली काझी आणि विद्वानांची चौकशी लावली आणि 'कुराण निर्मित आहे' असं वदवून घ्यायला सुरुवात केली. अहमद इब्न हनबलने नकार दिला. तो तुरुंगात गेला आणि पुढच्या खलिफाच्या काळात त्याने फटकेही खाल्ले. पुढे खलिफा मुतवक्किलच्या कारकिर्दीत हे सगळं गुंडाळलं गेलं, आणि मुतझिलांची पत जी गेली ती गेलीच.

अबुल हसन अशअरी हा मुतझिलांच्याच घरात वाढलेला, जुब्बाईचा शिष्य. चाळिशीच्या सुमारास त्याने गुरूचं घर सोडलं. त्याच्या परंपरेने सात गुण धरले: जीवन, ज्ञान, सामर्थ्य, इच्छा, श्रवण, दृष्टी, वाणी. हे खरेखुरे आहेत, अनादि आहेत. ते ईश्वर नाहीत आणि ईश्वराहून वेगळेही नाहीत. कसे, ते विचारू नका. हे 'कसे ते न विचारता' म्हणजे अरबीत 'बिला कैफ'. खूप वर्षं मला ही पळवाट वाटायची. मधली वाट काढल्यासारखं दाखवायचं आणि प्रश्नाला पाठ करायची. आता तसं वाटत नाही, ते का हे स्कोटस या ख्रिस्ती तत्त्वज्ञापाशी पोचल्यावर सांगते.

इब्न सिनाचा चंद्रग्रहणाचा दाखला

बुखाऱ्याजवळ जन्मलेला इब्न सिना (९८०–१०३७) या भांडणात वेगळ्याच दाराने शिरतो. तो ईश्वराला म्हणतो 'वाजिब अल-वुजूद', ज्याचं असणं अनिवार्य आहे तो. हा 'वाजिब' आपल्याकडे 'वाजवी' होऊन बाजारभावाला चिकटला. इब्न सिनाच्या हातात त्याला फार धार आहे. जे भागांचं बनलेलं आहे ते भागांवर अवलंबून असतं. जे अवलंबून आहे ते अनिवार्य नाही. म्हणजे ईश्वरात भाग नाहीत, आणि स्वरूपावर वरून चढवलेले गुणही नाहीत. आपण त्याच्याबद्दल जे बोलतो ते एक तर नकार असतं ('एक' म्हणजे अविभाज्य) किंवा संबंध ('समर्थ' म्हणजे इतर सगळं त्याच्यापासून येतं). किंवा दोन्हींचं मिश्रण.

ज्ञानाचं काय? इथे त्याचा ग्रहणाचा दाखला बारकाईने बघण्याजोगा आहे. एखाद्या ज्योतिषाला आकाशातल्या सगळ्या गती पूर्णपणे ठाऊक आहेत असं समजा. अमुक ग्रहणानंतर इतक्या काळाने, चंद्र अमुक ठिकाणी असताना तमुक ग्रहण होणार, हे त्याला कळतं. ग्रहणाआधी, ग्रहणात आणि ग्रहणानंतर हे ज्ञान जसंच्या तसं राहतं. ईश्वर विशिष्ट गोष्टी अशा जाणतो, म्हणजे सामान्य रीतीने. कुराणातलं वचन, की आकाशात किंवा पृथ्वीवर कणभरही काही त्याच्यापासून लपत नाही, इब्न सिना स्वतः इथे उद्धृत करतो. फक्त 'आत्ता ग्रहण लागलंय' हे जाणणं या ज्ञानात बसत नाही. 'आत्ता' बदलतो, आणि बदलणाऱ्याला जाणणारं ज्ञानही बदलेल.

गझालीने (१०५८–११११) नेमका या 'आत्ता'वर घाव घातला. बगदादच्या निझामिया मदरशात शिकवत असताना, १०९५ साली, त्याने 'तहाफुत अल-फलासिफा' ('तत्त्वज्ञांची विसंगती') हा ग्रंथ पुरा केला. तत्त्वज्ञांचे वीस सिद्धांत घेऊन त्यातला एकेक उसवलाय. तेराव्यात तो विचारतो: झैद नावाचा माणूस आज्ञा पाळतो की मोडतो, हे तुमच्या ईश्वराला कळतं का? माणूस सर्वसाधारणपणे आज्ञा पाळतो किंवा मोडतो हे कळेल. या झैदने आज काय केलं ते मात्र नाही. मग न्यायनिवाडा कसला आणि क्षमा कसली? तर्काच्या पुस्तकात हा झैद आला की मला दर वेळी बरं वाटतं. तोवर सगळे अनिवार्य आणि संभाव्य यांच्या धुक्यात चाललेले असतात. इथे पहिल्यांदा एक माणूस दिसतो.

सहाव्या प्रकरणात गुणांचा थेट वाद आहे. तिथला मुद्दा थंड डोक्याचा: ज्याला दुसरं कारण नाही असं काहीतरी आहे, एवढंच तुम्ही सिद्ध केलंत. त्या कारणरहित स्वरूपात कारणरहित, अनादि गुण असू शकत नाहीत, हे कुठे सिद्ध झालं? 'अवलंबून' हा शब्द तुम्ही दोन अर्थांनी वापरताय. मला हा युक्तिवाद गझालीच्या सगळ्यात पक्क्या युक्तिवादांपैकी वाटतो. गंमत म्हणजे शेवटी तो ज्या तीन मतांवर कुफ्राचा, म्हणजे अश्रद्धेचा, शिक्का मारतो, त्यांत विशिष्टांचं ज्ञान नाकारणं आहे (उरलेली दोन म्हणजे जगाचं अनादित्व आणि देहासह पुनरुत्थानाचा नकार), पण गुण नाकारणं नाही. ते मुतझिलांच्या जवळचं मत म्हणून तो तेवढ्यावर सोडून देतो. त्याला झैद गमावणं चालत नव्हतं, व्याकरण चुकलेलं चालत होतं, असं मी याचं भाषांतर करते.

स्पेनमधल्या कॉर्डोबाच्या इब्न रुश्दने (११२६–११९८) ११८०च्या सुमारास त्याला ओळीओळीने उत्तर दिलं. आपलं ज्ञान वस्तूंमुळे होतं, ईश्वराच्या ज्ञानामुळे वस्तू होतात. म्हणून 'सामान्य' आणि 'विशिष्ट' हे दोन्ही शब्द तिथे लागूच पडत नाहीत. उत्तर देखणं आहे. झैदचं समाधान होईल का, शंका आहे.

मधला माणूस

कॉर्डोबातच ११३८ साली मायमोनिदीस जन्मला, ज्यू, अरबीतून लिहिणारा, उतारवयात कैरोजवळच्या फुस्तातला वैद्य. तुमच्या शीर्षकात तो बसत नाही, पण त्याला गाळलंत तर पुलाचा मधला खांबच गेला. त्याने नकाराची वाट टोकाला नेली: ईश्वराबद्दल फक्त 'तो अमुक नाही' एवढंच म्हणता येतं. मग ज्ञान वाढतं कसं? त्याचा जहाजाचा दाखला पाहा. एकाला एवढंच ठाऊक आहे की जहाज नावाचं काही असतं. दुसऱ्याला कळतं की ते खनिज नाही, पुढच्याला की ते प्राणी नाही, त्यापुढच्याला की ते जमिनीत रुजलेलं झाड नाही, मग सपाट फळी नाही, गोल नाही, आतून भरीव नाही... दहाव्या माणसापर्यंत येता येता जहाज जवळजवळ दिसायला लागतं. मला हा दाखला आवडतो आणि पटत नाही. जहाज दिसायला लागतं कारण फळ्या, गोल, झाडं आपण आधी पाहिलेली असतात. ईश्वराच्या बाबतीत तो शिलकी साठा कुठे आहे?

त्याने तल्मूद या ज्यू धर्मग्रंथातली एक गोष्ट मात्र अचूक वापरलीय. प्रार्थना चालवणारा एक जण विशेषणांची माळ लावतो: महान, समर्थ, भयंकर, बलवान... रब्बी हनीना तो संपेपर्यंत थांबतात आणि विचारतात, झाली का तुझ्या स्वामीची सगळी स्तुती? एखाद्या राजाकडे लक्षावधी सोन्याची नाणी आहेत आणि लोक त्याच्या चांदीचं कौतुक करतात, तसं हे. मायमोनिदीस इथे बोट ठेवतो: गोष्टीत 'थोड्या सोन्याचं कौतुक' असं नाही, 'चांदीचं' आहे. म्हणजे फरक कमी-जास्तीचा नाही, धातूच वेगळा.

पॅरिसकडे

ख्रिस्ती बाजूला एक अट आधीपासून घातलेली होती. पिता, पुत्र, पवित्र आत्मा हे खरोखर तीन आणि ईश्वर एक. त्यामुळे ईश्वरात कसलाच भेद नाही, असं सरसकट म्हणायची सोय नाही. आणि गुणांना खरोखर वेगळं म्हणावं, तर तीनाचं वेगळेपण गेलं. मग सात का नकोत, सत्तर का नकोत? बाराव्या शतकात पॉआतिएचा बिशप गिल्बर्ट याच्यावर आरोप आला तो असाच: 'ईश्वर' आणि 'ज्यामुळे ईश्वर ईश्वर आहे ते ईश्वरत्व' यांत तो भेद करतो. ११४८ साली रीम्सच्या धर्मसभेत पोपसमोर त्याची जाबजबानी झाली, समोर क्लेरव्होचा मठाधिपती बर्नार्ड. गिल्बर्ट दुरुस्त्या मान्य करून सुटला. १२१५च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने कुंपण घातलं: निर्माता आणि निर्मिती यांच्यात साम्य सांगाल तिथे त्याहून मोठं वैधर्म्यही असेल.

थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) या कुंपणाच्या आत उभा राहून दोन्ही हात पसरतो. 'सुम्मा थिओलॉजिए' या त्याच्या ग्रंथाच्या तिसऱ्या प्रश्नात तो जवळजवळ इब्न सिनाइतकाच कडक आहे: ईश्वरात जोड नाही, त्याचं स्वरूप आणि अस्तित्व एकच. तेराव्या प्रश्नात ईश्वराच्या नावांवर येतो आणि 'रब्बी मोझेस' असं नाव घेऊन मायमोनिदीसला अडवतो. 'ईश्वर चांगला आहे' म्हणजे नुसतं 'तो चांगुलपणाचं कारण आहे' असेल, तर 'ईश्वर देह आहे' असंही म्हणा, कारण देहांचंही कारण तोच. शिवाय भाविक 'जिवंत देव' म्हणतो तेव्हा 'निर्जीव नाही' एवढंच त्याच्या मनात नसतं. हा दुसरा मुद्दा मला मोलाचा वाटतो. बोलणाऱ्या साध्या माणसाला साक्षीदार म्हणून उभं केलंय.

मग तो स्वतः काय देतो? साधर्म्य. त्याचा दाखला वैद्याच्या ओसरीवरचा आहे: औषधाला 'आरोग्यदायी' म्हणतो, लघवी 'निरोगी' म्हणतो, प्राण्यालाही 'निरोगी' म्हणतो. अर्थ एक नाही, अगदी वेगळाही नाही. औषध कारण, लघवी खूण, आरोग्य प्राण्याचं. तसा 'ज्ञानी' शब्द माणसाला आणि ईश्वराला लागतो. नावं अनेक का? कारण आपल्या कल्पना अनेक, निर्मितीतून गोळा केलेल्या. ज्याच्याकडे त्या बोट दाखवतात ते एकच.

हे ऐकायला इतकं सुरेख आहे की विद्यार्थी इथेच पेन खाली ठेवतात. स्कोटस ठेवू देत नाही.

जॉन डन्स स्कोटसचं (मृत्यू १३०८) म्हणणं सरळ आहे. 'ईश्वर आहे' याची मला खात्री असू शकते आणि तो अनंत की सांत याबद्दल शंका असू शकते. म्हणजे 'असणं' ही कल्पना दोन्हींहून वेगळी आणि दोन्हींना सारख्याच अर्थाने लागणारी असली पाहिजे. तसं नसेल, तर निर्मितीतल्या शहाणपणावरून 'ईश्वर शहाणा' असा निष्कर्ष काढणं आणि दगडावरून 'ईश्वर दगड' असा काढणं, यांत डावं-उजवं कसं करणार? आणि गुणांचं? ईश्वराचं शहाणपण आणि चांगुलपण कधीच अलग करता येत नाहीत, वस्तू म्हणून ती दोन नाहीत. तरी एकाची व्याख्या दुसऱ्याची व्याख्या नव्हे, आणि हा भेद आपल्या डोक्यात निर्माण होत नाही, तो तिथेच आहे.

आता अशअरीचं वाक्य पुन्हा वाचा. ते ईश्वर नाहीत, ईश्वराहून वेगळेही नाहीत. पळवाट वाटलेल्या वाक्याला चारशे वर्षांनी दुसऱ्या गावात, दुसऱ्या भाषेत कुणीतरी चौकट घडवून दिली, असं मला वाटतं. स्कोटसने हे तिकडून उचललं असं मात्र लिहू नका. लॅटिन जगात गझाली पोचला तो मुख्यतः तत्त्वज्ञांची मतं समजावून सांगणाऱ्या त्याच्या दुसऱ्या पुस्तकामुळे, तोही इब्न सिनाचा अनुयायी म्हणून. त्याचे आक्षेप ज्यात सापडतात ते इब्न रुश्दचं उत्तर लॅटिनमध्ये आलं १३२८ साली, स्कोटस जाऊन वीस वर्षं झाल्यावर.

तर मग काय घ्यायचं?

गझाली विरुद्ध अक्वायनस ही जोडी घेऊ नका. ते कधी भांडलेच नाहीत. खरी रेघ धर्मांच्या मधून जात नाही, दोन्ही घरांच्या आतून जाते. एका बाजूला इब्न सिना, मायमोनिदीस आणि बराचसा अक्वायनस. दुसऱ्या बाजूला अशअरी, गझाली आणि स्कोटस. पहिल्यांना एकत्वावर ओरखडा चालत नाही, शब्दांचा अर्थ पातळ झाला तर चालतो. दुसऱ्यांना 'जाणतो' म्हणजे जाणतोच हवंय, त्यासाठी एकत्वाची व्याख्या थोडी सैल करायची त्यांची तयारी आहे. मी वयाप्रमाणे दुसऱ्यांकडे सरकतेय. पंचविशीत पहिल्यांकडे होते.

जे खरोखर भांडले त्यांची जोडी घ्या. भाषा, अर्थ, शब्द यांत रस असेल तर मायमोनिदीस आणि अक्वायनस; तेरावा प्रश्न पुरे, मात्र तिसरा वाचल्याशिवाय नको, नाहीतर अक्वायनस उगाच गोडगोड वाटतो. त्याची एक सोय अशी की विरोधकांचे आक्षेप तो आधी स्वतःच मांडून देतो, त्यामुळे नवख्यालाही वाद कुठे आहे ते दिसतं. काळ, न्याय, प्रार्थना यांत जीव अडकत असेल तर इब्न सिना आणि गझाली. मार्मुरांचा 'तहाफुत'चा अनुवाद अरबी आणि इंग्रजी समोरासमोर छापलेला आहे, अरबी येत नसली तरी एखादा शब्द कुठे बसलाय ते बोटाने शोधता येतं. इथे एक खड्डा आहे. 'तहाफुत'मध्ये गझाली फक्त पाडतोय, बांधत नाही, आणि तसं तो स्वतः सांगतो. त्याचं स्वतःचं मत 'इक्तिसाद' या त्याच्या दुसऱ्या ग्रंथात आहे. 'तहाफुत'मधलं वाक्य उचलून 'गझालीच्या मते' असं लिहिलेले प्रबंध मी तपासलेत. लाल शाई तिथेच संपते. मुतझिला घ्यायचे असतील तर वर्षभर हातात हवं, कारण त्यांचं बरंचसं म्हणणं विरोधकांच्या तोंडूनच ऐकावं लागतं.

या वर्षीच्या मुलीला मी दोन झेरॉक्स दिल्या: 'तहाफुत'चं तेरावं प्रकरण आणि 'सुम्मा'चा तेरावा प्रश्न. "दोन्ही तेरावेच? जेवायला बोलावल्यासारखं वाटतंय," म्हणाली आणि घेऊन गेली. आठवड्याने परत आली तेव्हा 'सुम्मा'ची पानं कोरी करकरीत होती. 'तहाफुत'च्या पानावर झैदच्या नावाखाली तीन वेळा रेघ ओढलेली होती आणि समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: याला कुणी विचारलं का?